कोपराखालची फरशी

कर्जत-खालापूर भागात पशुवैद्यक म्हणून काम करताना आठवड्याची एक ठरलेली चाल अंगवळणी पडते. सोमवार ते शुक्रवार गोठे, शेळ्या आणि गावातली कुत्री, शनिवार-रविवार फार्महाउसं. मुंबई-ठाण्याचे मालक शुक्रवारी रात्री येतात, दोन दिवस कुत्र्याचे लाड करतात आणि रविवारी दुपारी निघायची बांधाबांध सुरू झाली की कुणाची तरी नजर त्याच्या पुढच्या पायाच्या कोपरावर जाते. तिथले केस गेलेले असतात, कातडी करडी आणि जाड झालेली असते, हात फिरवला की खरखरीत लागते. मग मला फोटो येतो. पाठोपाठ प्रश्न येतो, फंगल आहे का आणि कोणतं मलम लावायचं.

मी उत्तर देण्याआधी आणखी एक फोटो मागते. घरात कुणी नसताना कुत्रा जिथे पडून असतो, त्या जागेचा. हा फोटो मालकाला बहुतेक वेळा काढता येत नाही, कारण ते घरात असताना कुत्रा त्यांच्या पायाशी असतो, गालिच्यावर किंवा थेट सोफ्यावर. तो फोटो सोमवारी केअरटेकर पाठवतो. त्यात कधी कोटा फरशी असते, कधी चकचकीत टाइल, कधी गेटजवळचे पेव्हर ब्लॉक, कधी गाडी ठेवायच्या जागेतला सिमेंटचा कोबा. निदान अर्धंअधिक तिथेच होतं.

कुत्र्याच्या कोपराचं हाड मागच्या बाजूला टोकासारखं बाहेर येतं. त्या टोकावर मांस नाही, चरबी नाही, सरळ कातडी. कुत्र्याच्या अंगाचं साधारण साठ टक्के वजन पुढच्या पायांवर असतं, आणि बसताना तो पुढून खाली येतो तेव्हा ते टोक आधी जमिनीला टेकतं. हाड आणि फरशी यांच्यामध्ये कातडी दिवसातून कितीतरी वेळा दाबली जाते. मग ती स्वतःची सोय करते. वरचा थर जाड करत नेते, केसांची मुळं त्यात दबून जातात, आणि विळा धरणाऱ्या तळहाताला पडावा तसा घट्टा पडतो. मागच्या पायाच्या टाचेच्या सांध्यावर, कमरेच्या हाडाच्या कडेला, खोल छातीच्या कुत्र्यांना छातीच्या हाडावरही असे घट्टे येतात. ग्रेट डेन, मॅस्टिफ, सेंट बर्नार्ड, रॉटवायलर, लॅब्रॅडॉर, म्हणजे वजनदार आणि त्यातही आखूड केसांच्या कुत्र्यांमध्ये हे जास्त. आणि फार्महाउसवर राखणीला ठेवली जातात ती नेमकी हीच कुत्री.

एवढं सांगितल्यावर मालकांचा जीव थोडा भांड्यात पडतो, पण पुढचा प्रश्न ठरलेला असतो: केस परत येतील ना? नुकतेच विरळ व्हायला लागले असतील आणि खालची जमीन मऊ केली तर बऱ्याचदा येतात. कातडी जाड होऊन वर्ष-दोन वर्षं झाली असतील तर येत नाहीत, आणि मी तसं स्पष्ट सांगते. कोरडा, न दुखणारा, न फुटलेला घट्टा कुत्र्याला त्रास देत नाही. तो त्याच्या हाडाचं रक्षण करतोय. त्याला खरवडू नये, दगडाने घासू नये, कापून काढायच्या भानगडीत तर मुळीच पडू नये. तो आणखी वाढू नये आणि फुटू नये एवढंच आपल्या हातात असतं, आणि तेवढं पुरेसं आहे.

हे एवढं कसं करायचं, यात माझी इतकी वर्षं गेली आहेत.

पुस्तकात लिहिलेलं असतं, मऊ अंथरूण द्या. परळच्या मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालयात मी शिकले. १८८६ साली सुरू झालेलं ते कॉलेज, त्याला लागून प्राण्यांचं जुनं रुग्णालय. तिथल्या बाह्यरुग्ण विभागात मुंबईभरातून फ्लॅटमधली कुत्री यायची आणि आम्ही चिठ्ठीवर तेच लिहायचो. इकडे आल्यावर कळलं की अंथरूण प्रत्येक फार्महाउसवर आहे. महागातलं आहे, कुत्र्याचं नाव भरतकामात लिहिलेलंही आहे. कुत्रा त्यावर झोपत नाही.

कोंडिवड्याच्या बाजूला एका बंगल्यात एक ग्रेट डेन होता, हिरा नावाचा. अंगाने प्रचंड, स्वभावाने अगदी गरीब. दोन्ही कोपरांवर तळव्याएवढे घट्टे. बंगला सांभाळणाऱ्या बाई जवळच्या कातकरी वाडीवरच्या. मी त्यांना मावशी म्हणते. मालकांनी मुंबईहून जाड गादी आणली होती, ती पडवीच्या कोपऱ्यात नव्यासारखी पडून होती. मी मावशींना विचारलं, हा गादीवर का झोपत नाही? त्या म्हणाल्या, “मॅडम, ती गादी चैत्रात तापते. आणि तिथून त्याला गेट दिसत नाही.”

या दोन वाक्यांनी माझं काम बदललं. एप्रिल-मे महिन्यात कर्जतचा पारा चाळिशीच्या वर जातो. सह्याद्रीच्या भिंतीखाली हवा कोंडते, दुपारी वाऱ्याची झुळूकही नसते. अशा वेळी रेक्झिनचं आवरण घातलेल्या फोमच्या गादीवर कुत्रा कसा झोपेल? कुत्र्याला घाम येतो तो फक्त पंजांच्या तळव्यांना, तोही नावापुरता; बाकी सगळं काम जिभेवर आणि गार जमिनीवर. म्हणून तो फरशीवर पोट टाकतो. त्याच्या दृष्टीने ते बरोबरच आहे. आणि दुसरं, राखणीचा कुत्रा आपली जागा स्वतः ठरवतो. जिथून गेट दिसतं, रस्ता दिसतो, स्वयंपाकघराचा वास येतो, तिथे. वास्तुविशारदाने घरामागे बांधलेलं देखणं कुत्राघर बहुतेक ठिकाणी झाडू-बादल्या ठेवायच्या कामी येतं.

तेव्हापासून मी अंथरूण सांगताना दोनच गोष्टी आधी बघते. कुत्रा आत्ता कुठे पडतो, आणि तिथे कोणत्या ऋतूत काय चालेल.

उन्हाळ्यात खाट. जमिनीपासून वीतभर उंच, खालून हवा खेळेल अशी. बाजारात तयार मिळतात, पण ग्रेट डेनचं साठ-सत्तर किलोचं वजन त्या फार दिवस झेलत नाहीत. आमच्याकडे रोपवाटिका भरपूर, त्यामुळे हिरव्या शेडनेटचे उरलेले तुकडे कुठेही मिळतात. हिरासाठी मावशींच्या मुलाने लोखंडी अँगलची चौकट वेल्डिंगवाल्याकडून करून आणली, शेडनेट दुहेरी-तिहेरी करून नायलॉनच्या दोरीने तिच्यावर ताणून बांधली. ताण नीट हवा. कुत्रा बसल्यावर मधला भाग जमिनीला टेकला तर सगळी मेहनत फुकट. खाट गेटसमोर, कडुलिंबाच्या सावलीत, हिरा जिथे रोज पडायचा त्याच फरशीवर ठेवली. पहिले काही दिवस तो तिच्याशेजारी जमिनीवर पडायचा. मावशींनी त्याची संध्याकाळची भाकरी खाटेवर बसल्याशिवाय द्यायची नाही असं ठरवलं, त्याच्या अंगाचा वास असलेलं जुनं गोणपाट वर टाकलं, आणि तो चढला. नवारीची जुनी खाट असेल तर तीही चालते, पाय तेवढे कापून घ्यायचे.

हिवाळ्यात पेंढा. हा भाताचा मुलूख आहे. कर्जतच्या प्रादेशिक कृषी संशोधन केंद्रातून भाताच्या कर्जत-३, कर्जत-१८४ अशा जाती निघाल्या, आणि दिवाळीनंतर झोडणी झाली की पेंढ्याला इथे तोटा नसतो. गोणीत पेंढा दाबून भरायचा, तोंड सुतळीने शिवायचं, दोन गोण्या शेजारी-शेजारी ठेवायच्या. मी गुडघा टेकून बघते. माझ्या गुडघ्याला खालची फरशी लागली तर कुत्र्याच्या कोपराला लागणारच. महागाच्या गादीलाही मी हीच परीक्षा लावते आणि बऱ्याच गाद्या नापास होतात. पेंढ्याचा भुगा होतो, तो महिन्या-दीड महिन्याने बदलावा लागतो, ऊन दाखवावं लागतं. पण खर्च नाही, आणि कुत्र्यांना तो आवडतो.

खरा पेच पावसाळ्याचा. इथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, जून ते सप्टेंबर कपडे वाळत नाहीत. पेंढ्याला बुरशी धरते, फोम पाणी पितो, गोणपाट कुबट होतं. ओलसर अंथरुणावर जाड कातडी मऊ पडते, भेगाळते आणि त्यात जंतू शिरतात. याचा तोडगा मला गोठ्यात मिळाला. खालापूर तालुक्यातल्या एका दूधवाल्याने म्हशींसाठी रबरी मॅट घातल्या होत्या, कारण सिमेंटवर बसून जनावरांचे गुडघे सुजत होते, टाचांचे सांधे सोलवटत होते. अखेर दुखणं तेच आहे, हाड आणि कठीण जमीन. गोठ्याची रबरी मॅट जाड असते, धुता येते, पुसली की लगेच कोरडी होते. पावसाळ्यात मी तीच सांगते, वर एक सुकं चवाळं, आणि रोज बदलायला दुसरं तयार. शिवाय खाट असेल तर ती पडवीत आत घ्यायची. शहरातले मालक गोठ्याची मॅट म्हटल्यावर जरा बिचकतात, पण कुत्रा ती पहिल्या दिवशी स्वीकारतो.

कोपराला बांधायचे पॅडही मिळतात. आमच्या हवेत ते दिवसभर बांधून ठेवले की आतून घामट ओल धरतात, कातडी लाल होते. रात्रीपुरते ठीक. जुन्या टी-शर्टची बाही पाठीवरून बांधून अडकवणं त्यापेक्षा बरं, कुत्रा सोसेल तोवर.

वजनाचं बोलायला मात्र सगळ्यांत अवघड जातं. लॅब्रॅडॉरला भूक आवरत नाही ही तक्रार नुसती लाडाची नव्हे. २०१६ साली केंब्रिजच्या संशोधकांनी दाखवलं की लॅब्रॅडॉरमध्ये साधारण चारपैकी एकाच्या अंगात एका जनुकाचा तुकडाच गहाळ असतो, आणि त्यामुळे पोट भरल्याचा निरोप मेंदूपर्यंत नीट जात नाही. असा कुत्रा फार्महाउसवर राहतो तेव्हा त्याला खायला घालणारे हात अनेक असतात. माळी बिस्किट देतो, स्वयंपाकीण चपाती देते, शनिवारी पाहुणे चिकनचं हाड देतात. त्यात आठवडाभर फिरवणं नाही. लठ्ठ कुत्रा जास्त वेळ आडवा असतो, बसताना धपकन बसतो, आणि प्रत्येक धपक्याला कोपराची कातडी सोसते. अमेरिकेत लॅब्रॅडॉरच्या अठ्ठेचाळीस पिल्लांवर त्यांच्या जन्मभर चाललेला एक अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. जोडीतल्या एका कुत्र्याला दुसऱ्यापेक्षा पाव हिस्सा कमी खायला दिलं होतं. कमी खाणारी कुत्री जवळजवळ दोन वर्षं जास्त जगली आणि त्यांची सांधेदुखी उशिरा आली. मी हे मालकांना सांगते. केअरटेकरला मात्र आकडे सांगून उपयोग नसतो, तिथे मी त्याचा हात धरून कुत्र्याच्या बरगड्यांवर ठेवते. दाब न देता बरगड्या बोटांना लागल्या पाहिजेत. लागत नसतील तर भाकरी अर्धी करायची, आणि डबा एकानेच भरायचा.

धपकन बसण्यामागे कधीकधी दुखणं असतं. पाच-सहा वर्षांच्या पुढच्या कुत्र्याचे घट्टे अचानक वाढायला लागले तर मी आधी सांधे हलवून बघते. कोपर किंवा खुबा दुखत असेल तर त्याला सावकाश खाली येता येत नाही, तो अंग सोडून देतो. तिथे मलम लावत बसलो तर दुखणाऱ्या कुत्र्याचं आपण काहीच केलं नाही असं होतं. वेदनेवर औषध चालू झालं की तो पुन्हा बेताने बसायला लागतो. घट्टा आपोआप थांबलेला मी पाहिला आहे.

आता सूज. मोठ्या जातीचं सहा-आठ महिन्यांचं पिल्लू असेल, अजून घट्टा पडलेला नसेल आणि कोपरावर लिंबाएवढी, कधी मोसंब्याएवढी मऊ पिशवी लोंबत असेल, हात लावला तरी दुखत नसेल, तर ती बहुधा पाण्याची गाठ असते, हायग्रोमा. वारंवार मार बसून हाडाभोवती पाणी साठतं. कुणालाही वाटतं, सुई घालून काढून टाकू. मला हजारदा सांगावंसं वाटतं की नका. पाणी काढलं तर ते परत भरतं, आणि सुईबरोबर जंतू आत गेले तर बिनदुखण्या गाठीचं गळू होतं. जाड अंथरूण, कोपराला गुबगुबीत पट्टी आणि थोडा धीर, यांवर बहुतेक लहान गाठी काही आठवड्यांत ओसरतात. फार मोठी झाली, घट्ट झाली, तापली तरच नळी घालायचा विचार, आणि तो शस्त्रक्रियेची सोय असलेल्या जागी.

फार्महाउसच्या कुंपणाबाहेर पाऊल टाकलं की चित्र पालटतं. वाडीवरच्या कुत्र्यांना कोपराचे घट्टे मी क्वचितच पाहिलेत. ती हडकुळी, सतत फिरती, आणि झोपायला त्यांच्याकडे माती आहे, चुलीजवळची राख आहे, पेंढ्याची उडवी आहे, बांधकामाच्या वाळूचा ढीग आहे. त्यांचे केस जातात ते लुतीने.

आणि इथे फसगत होते. लूत आणणारा एक किडा, सारकोप्टिस, कातडीत बोगदे करतो, आणि त्याला विरळ केसांच्या जागा आवडतात. कानाची कड, पोट, टाचेचे सांधे, आणि कोपर. म्हणजे कोपरावरचे केस गेले म्हणून तो घट्टाच असं नाही. फरक खाजेत आहे. घट्टा खाजत नाही. लुतीचं कुत्रं झोपू शकत नाही, रात्रभर अंग ओरबाडतं. मी कानाची कड दोन बोटांत धरून चोळते. लूत असेल तर बहुतेक वेळा मागचा पाय आपसूक खाजवायला लागतो. दुसरी खूण घरात विचारून मिळते. पोरांच्या पोटावर, हातांवर लाल पुरळ उठलंय का? कुत्र्याचा हा किडा माणसाच्या अंगावर वंश वाढवू शकत नाही, पण आल्या आल्या चावतो. कुत्रा बरा झाला की पोरांची खाज थांबते. आई त्यांना डॉक्टरकडे नेऊन दमलेली असते आणि ओट्याखालच्या कुत्र्याकडे कुणी बघितलेलं नसतं. सूक्ष्मदर्शकाखाली हा किडा पुष्कळदा सापडतच नाही, म्हणून संशय पक्का असला की मी उपचार चालू करते.

दुसरा किडा डेमोडेक्स. तो थोड्या संख्येने निरोगी कुत्र्याच्या अंगावरही असतो. पिल्लाची ताकद कमी पडली की माजतो. डोळ्यांभोवती, तोंडाशी, पुढच्या पायांवर केस जातात आणि सुरुवातीला खाज नसते. तो खोल खरवडून घेतलेल्या नमुन्यात दिसतो आणि माणसाला लागत नाही. गजकर्ण मात्र लागतं, तिथे केस गोल चकत्यांनी जातात. अंगाच्या दोन्ही बाजूंना सारखेच केस विरळ झाले, शेपटी बोडकी झाली, कुत्रा सुस्तावला आणि न खाता जाडावला तर रक्त तपासून थायरॉइड बघावं लागतं. हे सगळं मी एवढ्यासाठी सांगते की फोटोवरून मलम मागणाऱ्या माणसाला यातलं काहीही असू शकतं.

लुतीवर इथला जुना उपाय म्हणजे गॅरेजमधलं जळालेलं ऑइल. कुत्र्याच्या अंगावर ओततात. किडे गुदमरून मरतात अशी समजूत. ते ऑइल कुत्रं चाटतं, त्यातलं विष पोटात जातं, कातडी भाजते, उन्हात अंग तापतं. असं काळं माखलेलं कुत्रं खोपोलीच्या रस्त्यावर दिसलं की माझ्या पोटात तुटतं, कारण ओतणाऱ्याच्या मनात दया असते. जवळ दुसरं काही नसतं म्हणून त्याने ते केलेलं असतं. आता फ्लुरालानरसारख्या गोळ्या आल्या आहेत. एक गोळी गोचीड-पिसवांना जवळजवळ तीन महिने आवरते आणि लुतीवरही चालते. किंमत मोठी आहे. वाडीवरच्या कुत्र्याला मी वजन करून आयव्हरमेक्टिनची सुई ठरावीक अंतराने देते. हे औषध कोली जातीच्या कुत्र्यांच्या मेंदूपर्यंत पोचून जिवावर बेतू शकतं, म्हणून गोठ्यातल्या बाटलीतून अंदाजाने टोचू नका असं मी प्रत्येक दूधवाल्याला बजावते. काही फार्महाउसचे मालक आता शेजारच्या वाडीतल्या कुत्र्यांच्या औषधाचा खर्च उचलतात. त्यांचाही फायदा आहे, किडा कुंपण मानत नाही.

घरगुती उपायांत खोबरेल तेल मला मान्य आहे. अंघोळीनंतर किंवा रात्री, घट्ट्यावर पातळ थर, हलक्या हाताने मुरवायचं आणि दहा मिनिटं कुत्र्याशी खेळायचं, म्हणजे तो चाटणार नाही. पेट्रोलियम जेलीही चालते. हेतू एवढाच की कातडी कोरडी पडून फुटू नये. अगदी लोण्यासारखी मऊ करायची नाही, मग ती फरशीवर सोलवटते. माणसांचं सामान मात्र लांब ठेवा. पायाच्या कुरूपावर लावायच्या पट्टीतलं सॅलिसिलिक आम्ल कुत्र्याने चाटलं तर पोटात जखमा करतं. लहान बाळाच्या पुरळावरच्या मलमात झिंक असतं, ते चाटून चाटून रक्तपेशी फुटतात. आणि डायक्लोफिनॅकचं दुखऱ्या पाठीवर चोळायचं जेल! गिधाडं मरायला लागल्यामुळे २००६ साली जनावरांसाठी या औषधावर बंदी आली, पण माणसांची ट्यूब प्रत्येक घरात आहे. कुत्र्याच्या पोटाला आणि मूत्रपिंडाला ते झेपत नाही.

घट्टा फुटला की खेळ वेगळा. चौकच्या बाजूला एक रॉटवायलर होता, वाघ्या. साखळीने बांधलेला, खाली पेव्हर ब्लॉक. उन्हाळ्यात घट्ट्याला भेगा गेल्या, रक्त आलं, कुणाच्या लक्षात आलं नाही. आषाढात फोन आला तो “किडे पडलेत” म्हणून. माशीने भेगेत अंडी घातली होती. केअरटेकर दादांनी टर्पेंटाइन ओतायची तयारी ठेवली होती, ते मी थांबवलं. भूल देऊन एकेक अळी चिमट्याने काढली, जखम सलाइनने धुतली. जाड कातडीच्या आत आखूड केस उलटे रुतून बसले होते आणि प्रत्येक केसाभोवती पू होता. घट्ट्यातला जंतुसंसर्ग असाच खोल असतो, म्हणून वरून पावडर मारून भागत नाही. पू तपासायला पाठवला, कोणतं प्रतिजैविक लागू पडतं ते कळलं, आणि मग ते सहा आठवडे चाललं. वरून चांगलं दिसायला लागलं की औषध बंद करायचा मोह होतो. आतल्या गाठी पूर्ण विरेपर्यंत थांबावं लागतं. मालकांनी विचारलं, सगळं कापूनच टाकलं तर? मी नको म्हटलं. कोपर प्रत्येक पावलागणिक वाकतं, टाके ताणले जातात, जखम उसवते, आणि शेवटी जिथे आधी घट्टा होता तिथे न भरणारं भगदाड उरतं. फक्त वाढ वेगाने होत असेल, एकाच बाजूला असेल, गाठीचा संशय असेल तर तुकडा काढून तपासायला हवा.

वाघ्याचं औषध जेवढं महत्त्वाचं होतं तेवढीच साखळी. बांधलेला कुत्रा जागा बदलू शकत नाही. ऊन आलं, ओल आली, फरशी टोचली, तरी त्याच दोन हातांच्या वर्तुळात त्याला पडायचं आहे. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या अकराव्या कलमात आखूड किंवा जड साखळीने अवाजवी वेळ बांधून ठेवणं गुन्हा आहे, आणि सतत बांधलेल्या किंवा कोंडलेल्या कुत्र्याला फिरवायची टाळाटाळ करणंही. मी कायद्याचा धाक क्वचित घालते. त्याऐवजी रात्री सोडायला सांगते, दिवसा दोन झाडांमध्ये तार ओढून साखळीची कडी तिच्यावर सरकती ठेवायला सांगते, आणि सकाळ-संध्याकाळ फिरवायचे पैसे केअरटेकरच्या पगारात वेगळे धरा म्हणते. हे शेवटचं बोलताना मालक जरा गप्प होतात. पण कुत्र्याला दिवसभर बघणारा माणूस तोच आहे. भेग त्याला आधी दिसणार, वास त्याला आधी येणार. त्याचं काम कामासारखं मोजलं नाही तर माझी चिठ्ठी फ्रिजवर चुंबकाने लावलेली राहते.

म्हणून मी आता सूचना मालकाला नंतर आणि केअरटेकरना आधी देते, मराठीत, त्यांच्या फोनवर आवाजात रेकॉर्ड करून. आठवड्यातून एकदा चारी पायांच्या सांध्यांवर हात फिरवायचा. ओल, ऊब, वास, भेग, सूज, यांतलं काहीही वाटलं की मला फोटो. लंगडला की फोन. रविवारची वाट बघायची नाही. मावशींच्या मुलाने आता आणखी दोन-तीन बंगल्यांना शेडनेटच्या खाटा करून दिल्या आहेत, त्याचे तो पैसे घेतो, आणि घ्यावेतच.

इकडे रोज नवे बंगले उभे राहतायत. कुणी बांधकाम चालू असताना कुत्र्याचा विषय काढला तर मी एवढंच सांगते: गेट दिसेल अशा ठिकाणी, छपराखाली, चार बाय सहा फुटांची जागा फरशी न घालता सोडा. मुरूम टाकून चोपा, पाणी साचू नये म्हणून भोवतालच्या जमिनीपेक्षा वीतभर उंच ठेवा, वर मातीचा थर द्या, आणि पहिल्या पावसाआधी तिथे खाट बसते का ते मोजून घ्या.